पाचवे चाक

“आईसाहेब, ती दुसरी बरोबर घ्यायची का?”

दौलूने हे विचारले तेव्हा माझा एक पाय जीपच्या पायरीवर होता आणि हातात देवीचे हिरवे लुगडे होते. मी पाय खाली घेतला.

“काय म्हणालास?”

“ती दुसरी वो. सरकारांच्या येळंपासनं कायम हायच की ती. हंबीरराव म्हणत्यात, आता तिला आपल्यात जागा न्हाई. पर डोंगराची वाट, बरोबर असल्याली बरी, असं आपलं मला वाटतंय.”

“दौलू, तुला काय वाटतं ते या घरात अजून कोणी विचारलेलं नाही. तिला घ्यायचं नाही. पुन्हा तिचा विषय माझ्यासमोर काढलास, तर जीपची किल्ली त्या कट्ट्यावर ठेव आणि आपल्या घरी जा.”

तो खाली मान घालून गोठ्याच्या बाजूला गेला. तिकडे काहीतरी जड भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. मी लक्ष दिले नाही. त्याने काय विचारले ते मला पुरते समजले आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका घेण्याची मला सवयच नव्हती.

या गोष्टीला आता बावीस वर्षे झाली. आमचे यजमान जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. चैत्रातल्या अष्टमीला कडजाईच्या डोंगरावर देवीला पहिले लुगडे चढते ते आम्हा रणवऱ्यांच्या थोरल्या घराचे. ते घरच्या बाईनेच दोन्ही हातांवर आडवे धरून गाभाऱ्याशी न्यायचे आणि माध्यान्हीचे शिंग वाजायच्या आत न्यायचे. एक वर्ष जरी चुकले, तरी मान कायमचा धाकट्या घराकडे जातो. त्यात दुखवट्याचे वर्ष म्हणून सूट नाही, की आजारपण म्हणून नाही. मागची एकोणीस वर्षे लुगडे घेऊन यजमानच वर जात. माझ्या गुडघ्यांना डोंगर झेपत नाही, असे घरात ठरलेले होते. वर घरच्या बाईच्या जागी गुरवाची बायको लुगडे धरत असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. कधी विचारले मात्र नव्हते. न विचारणे हा आमच्या घरातला फार जुना गुण आहे.

यजमान गेले, आणि धाकट्या घरच्या सुभद्राबाईंना, म्हणजे माझ्या चुलत जाऊबाईंना, माझ्या गुडघ्यांचा एकाएकी कळवळा आला. ‘अक्कासाहेबांनी यंदा कशाला त्रास घ्यावा, आम्ही आहोतच,’ असा त्यांचा निरोप आला. त्याच दिवशी मी दौलूला जीप धुवायला सांगितली.

जीप यजमानांची, पण तिचे रूप आमच्या चिरंजीवांनी पालटले होते. हंबीरने कुठल्याशा परदेशी मासिकात एक गाडी पाहिली आणि पुण्याहून माणूस आणून आपल्या जीपला चहूबाजूंनी काळ्या प्लास्टिकचे पत्रे चढवले. चाकांवर मडगार्डसारखे रुंद पंखे, दारांखाली पट्टे, मागे एक भलीमोठी झडप. त्यात खिळा नाही की स्क्रू नाही. सारे गोंदाने चिकटवलेले. “आईसाहेब, हत्तीने ओढलं तरी निघायचं नाही,” असे त्याने मला अभिमानाने सांगितले होते. हत्तीने ते का ओढावे, हे मी त्याला विचारले नाही.

साडेदहाच्या सुमारास घाट संपला आणि कच्ची वाट लागली. देऊळ अजून तीन मैल वर होते. एका वळणावर धारदार कातळ मागच्या उजव्या चाकाखाली आला, मोठा फुस्कारा झाला आणि जीप त्या अंगाला कलली. दौलूने उतरून चाकामागे दगड लावले. टायर हातभर फाटला होता.

“चाक बदल,” मी बसल्या जागेवरून सांगितले.

“कुठलं लावू?”

“म्हणजे काय? जास्तीचं असतं ते.”

दौलूने टोपी काढली, डोके खाजवले, टोपी पुन्हा घातली.

“ते गोठ्याच्या भितीला टेकून ठिवलंय. तुमीच म्हनला, तिला घ्यायचं न्हाई.”

“मी चाकाविषयी कधी बोलले?”

“मग मी दुसऱ्या कशाइषयी इचारलं, आईसाहेब? मागं ती अडकवायची जागा हंबीररावांनी झडप चिकटवून बुजवली. आत शिटावर घ्यायची, तर तुमाला टेकायला जागा न्हाई. म्हनून इचारलं.”

“मग सरळ चाक म्हणावं!”

“त्येला चाक कोन म्हनतंय? त्येला म्हनत्यात...” आणि तो थांबला.

त्याला का थांबावे लागले, ते सांगणे भाग आहे. गाडीच्या जास्तीच्या चाकाला सगळा मुलूख ‘स्टेपनी’ म्हणतो. आमच्या घरात तो शब्द उच्चारण्याची कोणाची छाती नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी एका लग्नाच्या मांडवात मी कनातीच्या अलीकडे बसले होते आणि पलीकडे पुरुषांची पंगत चालू होती. कोणीतरी म्हणाले, “सरकारांची स्टेपनी ठेवलीया कातळवाडीत. हवा भरायला म्हैन्यातनं दोनदा जात्यात.” पंगत हसली. मी जागची हलले नाही, पानातले सगळे जेवले, आणि घरी आल्यावर तो शब्द बंद केला. का, ते कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. तेव्हापासून आमचे गडी ‘पाचवं चाक’ म्हणत, ‘ती दुसरी’ म्हणत, किंवा नुसतेच बोट दाखवत. आणि माझे गुडघेही त्याच आठवड्यात दुखू लागले. कारण कडजाईची वाट कातळवाडीवरून जाते.

पुढच्या महिन्यात यजमानांचे वर्षश्राद्ध होते आणि ‘तिलाही बोलवावे’ असा सूर काही शहाण्यांनी काढला होता. मला वाटले, दौलूही त्यांतलाच. मी बाईला नको म्हटले, आणि चाक घरी राहिले.

“वाटेने दुसरी गाडी येईल?”

“जी यायची ती सगळी सकाळीच वर गेलीया. धाकट्या घरची तर सातलाच.”

“जवळपास जीप कोणाकडे आहे?”

दौलू आभाळाकडे बघू लागला.

“दौलू, तिथे जीप नाही. मला उत्तर दे.”

“एक हाय. ह्या उताराखाली. गिरनीवाल्या... कातळवाडीत.”

“जा आणि तिच्याकडून चाक घेऊन ये.”

“मी गेलो आसतो. पर हे बघा.” त्याने चाकावरच्या काळ्या पंख्यावर थाप मारली. “हे निम्म्या चाकावर आलंय. हे काढल्याबिगार चाक निघत न्हाई आनि हे निघता निघत न्हाई. मी चाकासाठी गेलो, तर हे कवा काढू?”

मी घड्याळ पाहिले. लुगडे सीटवर ठेवले, छत्री घेतली आणि उतार उतरू लागले. गुडघ्यांनी मुळीच तक्रार केली नाही. मला त्यांचा थोडा राग आला.

गिरणी वाडीच्या तोंडाशीच होती. मागच्या छपरात एक जीप लाकडाच्या ओंडक्यांवर उभी होती, तिचे इंजिन काढलेले होते. मी ती ओळखली. पुढच्या पत्र्यावर डाव्या बाजूला पोचा होता. आमच्या लग्नाच्या वरातीत बैल बुजून शिंग लागले तेव्हाचा. याच जीपमधून मी सासरी आले. ती भंगारात दिली, असे मला सांगण्यात आले होते. तिच्या पाठीवर एक चाक होते आणि त्याच्या टायरची नक्षी अजून झिजलेली नव्हती.

एकोणीस वर्षे मी मनात जी बाई रंगवली होती, ती गोरी, शेलाटी आणि विडा खाणारी होती. समोर जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक रुंद बाई दाभणाने पोत्याचे तोंड शिवत बसली होती. तिच्या भुवयांवर पीठ होते. तिने मान वर केली, मला पाहिले, आणि टाका पूर्ण करूनच दाभण खाली ठेवले.

“बाईसाहेब,” ती म्हणाली. विचारले नाही; नुसते म्हणाली.

“मला बारा वाजायच्या आत वर पोचायचं आहे. जीप वाटेत बसली. तुमच्याकडची एक वस्तू हवी होती.”

“माझ्याकडची?” तिने चष्मा पदराने पुसला. “तुमी मागायला आला आन् माझ्याकडं हाय, अशी कुठली वस्तू म्हनायची?”

“चाक.”

“जात्याचं?”

“गाडीचं. पाचवं.”

“पाचवं चाक कधी कुठल्या गाडीला आसतंय, बाईसाहेब? त्येला नाव आसंल की काईतरी.”

गिरणीच्या पट्ट्यावर एक चिमणी येऊन बसली होती. मी तिच्याकडे पाहिले. मग सरळ समोर पाहिले.

“स्टेपनी,” मी म्हणाले. “मला एक स्टेपनी हवी आहे.”

“आस्सं म्हना.” ती गुडघ्यांवर हात देऊन उठली. “कुठली पायजे? जीपच्या मागची, का ही तुमच्यासमोर उभी हाय ती?”

माझ्या तोंडावर असे बोलणारे माणूस मला त्या आधी भेटलेले नव्हते. मी छत्री जमिनीवर टेकली.

“दोन्हींची कीर्ती मी सारखीच ऐकून आहे,” मी म्हणाले. “आज जीपच्या मागची पुरेल.”

ती हसली. दात तिचे छान होते, हे मला मान्य करावे लागले. “तोंड तिखट हाय म्हनायचे ते,” ती म्हणाली. कोण म्हणायचे, ते तिने सांगितले नाही. पाना आणायला आत गेली.

चाक काढायला तिला दहा मिनिटेही लागली नाहीत. तिने मधल्या भोकातून पोत्याचा दोर ओवला, त्याचे एक टोक माझ्या हातात दिले आणि आम्ही निघालो. चढावर चाक मागे सरकते आणि बारक्या उतारावर पुढे धावते. दोन्ही वेळा त्याची समजूत काढावी लागते. वाट म्हणजे गुरांची पायवाट. मागून ती बाई चाकाला रेटत होती आणि मी पुढून दोर ओढत होते.

“डावीकडं, डावीकडं! त्या घाणेरीत घालताय त्येला.”

“मला डावं कळतं.”

“मग उजवीकडं का वढताय?”

ओढ्याच्या काठाला दोर माझ्या हातातून सुटला. चाक एकटेच डौलात खाली गेले, पाण्यात फेरी मारून आडवे झाले. आम्ही दोघी काठावर धापा टाकत उभ्या राहिलो.

“ह्येंनी कवा माझं ऐकलं न्हाई,” ती म्हणाली, “आन् त्यांच्या चाकानंबी.”

‘ह्यें’ म्हणजे कोण, हे मला कळले. त्याच क्षणी त्याविषयी बोलायला हवे होते. पण चाक पाण्यात होते आणि अकरा वाजून गेले होते. मी पदर खोचला आणि ओढ्यात उतरले.

वर पोचलो तेव्हा दौलू घामाने निथळत होता. त्याने पटाशी घालून काळ्या पंख्याची एक कड मोडली होती, खालच्या पत्र्याला पोचा पाडला होता, आणि पंखा होता तिथेच होता.

“फोड तो,” मी म्हणाले.

“फुटंल न्हाई, आईसाहेब. पत्रा फाटंल, हे न्हाई निघायचं.”

“थांब, लेका,” ती म्हणाली. तिने चाक जीपला टेकवले, कड चाचपली, नखाने गोंद ओरबाडून पाहिला. “अशी वढून शिवन उसवत नसत्यात. इंजिन चालू कर. पानी कढत झालं की खालनं सोड बादलीत.”

“रेडिएटरचं?”

“मग काय न्हानीघरातलं? तुझ्याकडं गार पान्याचा डबा हाय न्हवं? नंतर भर.”

पाणी आले ते वाफाळलेले. ती चिंधी बुडवून कडेवर धरी आणि हळूहळू पिळी. गोंद मऊ पडला तशी तिने कमरेच्या पिशवीतून पोती शिवायचा नायलॉनचा दोरा काढला, तो पंख्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये वरच्या कोपऱ्यातून सरकवला आणि दुसरे टोक माझ्याकडे केले.

“दौलू जॅक लावंल. तुमी धरा. करवतीगत वढायचं. आता माझ्याकडं. आता तुमच्याकडं. जोर नको, बाईसाहेब. त्यो तुमचा नोकर न्हाई, गोंद हाय.”

मी ओढले. दोरा बोटांत रुतत होता. वीतभर कापले, मग हातभर. शेवटी पंखा आपल्या वजनानेच खाली आला आणि धुळीत पालथा पडला, पत्र्यावर नवा ओरखडाही न पाडता. हत्तीची गरज भासली नाही.

बारा वाजायला पंचवीस मिनिटे होती तेव्हा चाक बसले. मी सीटवर बसून लुगडे मांडीवर घेतले. मागचे दार उघडल्याचा आवाज आला. ती आत बसत होती.

“तुम्ही कुठे?”

“चाक माझं हाय. ते जाईल तिथं मी.”

यावर बोलण्यासारखे काही होते, पण वेळ नव्हता. “चल,” मी दौलूला म्हणाले.

देवळाच्या पटांगणात माणसांची दाटी होती. सुभद्राबाई गाभाऱ्याच्या पायरीशी जांभळे लुगडे घेऊन उभ्या होत्या. मला पाहताच त्यांचा चेहरा उतरला आणि लगेच गोड झाला.

“अक्कासाहेब! किती त्रास घेतलात! गुडघे कसे आहेत?”

“जागच्या जागी,” मी म्हणाले आणि पुढे झाले.

गुरव नवा होता. म्हातारा गुरव वारल्याचे मी ऐकले होते. हा त्याचा मुलगा, चाळिशीचा. शिंग त्याच्या हातात होते. त्याने माझ्याकडे नव्हे, माझ्या मागे पाहिले, आणि नियमाप्रमाणे मोठ्याने विचारले, “थोरल्या घराचं लुगडं कोन घेऊन आलंय?”

“मी,” मी म्हणाले.

“आपन कोन?”

जन्मात मला कोणी हे विचारले नव्हते. मी उत्तर देईपर्यंत त्याची नजर जीपकडे गेली आणि त्याचा चेहरा खुलला.

“थोरल्या बाई गाडीत का बसल्यात? या की! सरकार गेल्यालं कळलं. तुमी येताय का न्हाई, म्हनून मघाधरनं वाट बघतोय.”

ती जीपमधून उतरली, पण पुढे आली नाही. पहिल्यांदाच तिने माझी नजर टाळली.

“थोरल्या बाई कोण?” मी गुरवाला विचारले.

“सगुनाबाई की. मी शिंग हातात घेतलं त्याच्या आदीपासनं थोरल्या घराचं लुगडं त्यांच्याच हातावर येतंय. एकोनीस साल झाली.”

सुभद्राबाईंनी आपले लुगडे नीट केले. त्यांना हे ठाऊक होते. दरसाल इथे येऊन दरसाल पाहिलेले होते, आणि यजमान असेपर्यंत तोंड उघडायची सोय नव्हती.

“गुरव,” त्या अतिशय मऊपणाने म्हणाल्या, “लुगडं घरच्या बाईनेच आणायचं ना? परक्या बाईने आणलं तर ते आणलं असं धरायचं, का मान चुकला असं धरायचं?”

“परक्या बाईचं कसं चालंल? तसं आसंल तर चुकलाच म्हनायचा.”

“एक वर्ष?”

“एक वर्स चुकलं तरी संपलं, बाईसाहेब.”

“आणि इथे तर एकोणीस.” सुभद्राबाई माझ्याकडे वळल्या. “अक्कासाहेब, तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? तुम्हीच सांगा. ही सगुणाबाई आपल्या घरातली आहे का?”

सगळे पटांगण माझ्याकडे पाहत होते. ‘नाही’ एवढे एकच अक्षरांचे जोडपे मी एकोणीस वर्षे तोंडात तयार ठेवले होते. ते उच्चारायला याहून मोठी सभा मला मिळणार नव्हती. आणि ते उच्चारले की मान एकोणीस वर्षांपूर्वीच गेला असे ठरणार होते, आणि आजच्या माझ्या लुगड्यालाही अर्थ उरत नव्हता.

गुरवाने सूर्याकडे पाहिले आणि शिंग ओठांशी नेले.

“आहे,” मी म्हणाले.

“काय म्हणालात?” सुभद्राबाईंनी विचारले. “कोण लागते म्हणालात?”

मी मोठ्याने बोलते, याबद्दल यजमान मला नेहमी टोकत. त्या दिवशी मी दीपमाळेपर्यंत ऐकू जाईल असे बोलले.

“माझी सवत आहे. घरातली नाही, तर मग कुठली? माझे गुडघे दुखत होते, म्हणून मी तिला पाठवत होते. आणखी काही विचारायचं आहे, सुभद्राबाई?”

गुरवाच्या खांद्यांवरचे ओझे उतरलेले स्पष्ट दिसले. “मग झालं तर,” तो म्हणाला. “दोघी हाईत तर दोघींनी धरा. चला, चला, येळ झाली.”

मी मान वळवली. ती अजून जीपपाशीच होती.

“सगुणाबाई,” मी म्हणाले, “उभ्या काय राहिलात? इकडे या.”

ती आली. तिचे हात काळे होते; तिने ते पदराला पुसले. मी लुगड्याची घडी मोडली, एक टोक आपल्या हातांवर घेतले आणि दुसरे तिच्याकडे केले. शिंग वाजले. सनई सुरू झाली. आम्ही पायरी चढलो. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ती किंचित माझ्याकडे झुकली आणि ओठ न हलवता म्हणाली,

“बाईसाहेब, उलटं धरलंय तुमी. पदर देवीच्या उजव्या अंगाला लागतो. इकडं द्या.”

मी सून म्हणून आले त्या वर्षी सासूबाईंनी हे लुगडे कसे धरायचे ते मला शिकवले होते, आणि त्यानंतर या घरात कोणी मला काही शिकवलेले नव्हते. मी गुरवाकडे पाहिले. तो अदबीने, पण तिचेच खरे असल्यासारखा थांबला होता.

मी टोक बदलले.